ज्याची किल्ली, त्याचं नाव

(साताऱ्यातल्या युवा कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



जेवणानंतरचं सत्र आणि विषय संगणकाचा, म्हणजे अर्धे लोक डुलक्या घेणार हे मी धरून चाललोय. पण आज मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे. दुसऱ्याची चूक ऐकताना सहसा कुणाला झोप येत नाही.

मी मिरजेचा. आमचं घराणं शिकलगारांचं. मिरजेची सतार तुम्हाला माहीत आहे, २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. ही सतार घडवणारी घराणी मुळात शिकलगारच, हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले आणि मिरजेचं नाव झालं. आमच्या घरात मात्र सतार आली नाही. माझे आजोबा, ज्यांना आम्ही बडे अब्बा म्हणायचो, बाजारात बसून सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे आणि किल्ल्या बनवायचे.

त्यांचा एक नियम होता. कुणी साबणाच्या वडीवर किल्लीचा ठसा घेऊन आला, की ते काम घ्यायचे नाहीत. दुप्पट पैसे देतो म्हटलं तरी नाही. म्हणायचे, "कुलूप लेके आ बाबा, फिर चावी बनाता." कारण साधं आहे. ज्याचं कुलूप असतं तो कुलूप घेऊन येतो. ज्याला दुसऱ्याच्या घरात शिरायचंय तो साबणावर ठसा घेऊन येतो. किल्ली मिनिटभर जरी परक्या हातात गेली, तरी ठसा घेता येतो. आणि मालकाला पत्ताही लागत नाही, कारण त्याची किल्ली त्याच्याच खिशात असते.

हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही मी जे केलं ते आता सांगतो.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या सल्ला केंद्रातल्या लोखंडी कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्यात होते. त्यात काय होतं? बायकांचे अर्ज, निकाहनाम्यांच्या प्रती, पोटगीच्या दाव्यांचे कागद, दवाखान्याचे दाखले, मुलांचे जन्मदाखले. पाणी ओसरल्यावर आम्ही दोऱ्या बांधल्या आणि कपडे वाळत घालावेत तसे चिमटे लावून कागद वाळवले. काही वाचले, काहींची शाई वाहून गेली होती. एक आपा आपल्या निकाहनाम्याची प्रत शोधायला आली, आणि तिच्या हातात आम्ही निळ्या डागाचा कागद ठेवला.

तेव्हा ठरलं, सगळं स्कॅन करायचं. सांगली-मिरजेत स्कॅन करायचं आणि साताऱ्याला पाठवायचं. सातारा उंचावर आहे, इथल्या आपल्या कार्यालयात नदीचं पाणी येणार नाही. तसेही हे दोन जिल्हे मूळचे एकच. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. म्हटलं, कागदांना माहेरी पाठवू.

साताऱ्याच्या कार्यालयात एक जुना संगणक सर्व्हर म्हणून लावला. ते काम माझ्याकडे आलं, कारण पोटापाण्यासाठी मी हेच करतो. आणि मी काय केलं? अकरा कार्यकर्त्यांसाठी एकच खातं उघडलं. एकच पासवर्ड ठेवला, संस्थेचं नाव आणि पुढे साल. तो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "सेव्ह करून ठेवा." वर भर म्हणजे, फायली पाठवायला साधं एफटीपी वापरलं. एफटीपी ही १९७१ सालातली पद्धत, तिच्यात पासवर्ड उघडाच प्रवास करतो. वाटेत कुणी ऐकत बसलं तर जसाच्या तसा वाचता येतो. थोडक्यात, किल्लीचा ठसा मी स्वतःच अकरा साबणांवर उठवून वाटला.

दोन वर्षं काही झालं नाही. "काही झालं नाही" हे वाक्य आपल्या कामात फार धोक्याचं आहे.

मग एका संध्याकाळी एका आपाचा फोन आला. ती मारहाणीला कंटाळून दोन मुलांना घेऊन बाहेर पडली होती, खालाच्या गावी राहत होती. तिचा तिथला पत्ता फक्त आमच्याकडच्या अर्जावर होता. नवरा खालाच्या दारात उभा होता आणि त्याच्या मोबाइलमध्ये त्या अर्जाचा फोटो होता. शेजारी जमले, गावातली वडीलधारी माणसं मध्ये पडली, त्या रात्री वाईट काही घडलं नाही. पण आठवड्याभरात तिला ते गाव सोडावं लागलं. तिथं तिचं शिलाईचं काम नुकतं बसलं होतं. मुलांची शाळा वर्षाच्या मध्यावर सुटली.

मी सर्व्हरची नोंदवही उघडली. कोण, कधी आत आलं हे सर्व्हर लिहून ठेवतो. रात्री अकराच्या सुमारास कुणीतरी ती फाइल उतरवून घेतली होती. कुणी? खात्याचं नाव एकच, अकराही जणांचं तेच. पुढे काहीच कळायला मार्ग नाही.

साथींनो, खरी गोष्ट इथून पुढे आहे. आमच्यात एक मुलगा होता, त्या नवऱ्याचा लांबचा नातेवाईक. कुणी त्याला तोंडावर काही बोललं नाही. पण तो आला की बोलणं थांबायचं. त्याला नवीन कागद दिले जाईनात. दोन महिन्यांत त्यानं येणं सोडलं. फाइल त्यानं दिली की नाही, हे मला आजही माहीत नाही. कुणाच्या भावानं घरातला मोबाइल उघडला असेल, कुणी पासवर्ड पुढे पाठवला असेल, काहीही असेल. म्हणजे माझ्या एका पासवर्डमुळे दोन माणसांवर अन्याय झाला. एक ती आपा. दुसरा तो मुलगा, ज्याला आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायला मी जागाच ठेवली नव्हती.

आपण दुसऱ्याचा कागद सांभाळतो त्याला घरात आपण अमानत म्हणतो, मराठीत ठेव. अमानत ज्याच्याकडे आहे त्याचं नाव माहीत असावं लागतं. अकरा जणांचा एक पासवर्ड म्हणजे ज्याची राखण कुणाच्याच नावावर नाही अशी अमानत.

आता उपाय. घाबरू नका, समजायला सोपा आहे.

पासवर्डचा मूळ दोष असा, की दार उघडायचं तर तो दाखवावा लागतो. दाखवला की ठसा घेता येतो. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी किल्लीच्या जोडीची कल्पना जगासमोर मांडली. एक सार्वजनिक, एक खासगी. सार्वजनिक किल्लीला तुम्ही कुलूप समजा. ते कुणालाही द्या, बिघडत नाही. खासगी किल्ली तुमच्या संगणकाबाहेर कधीच जात नाही. तुम्ही सर्व्हरला जोडता, तेव्हा तुमचा संगणक त्या जोडणीपुरत्या मजकुरावर खासगी किल्लीनं सही करतो. सर्व्हर त्याच्याकडच्या सार्वजनिक किल्लीनं ती सही पडताळतो. सही जुळली की दार उघडतं. किल्ली कुणाला दिसलीच नाही. पुढच्या वेळी मजकूर वेगळा, म्हणून चोरलेली सही कामाची नाही. बडे अब्बांचा नियम हाच होता, सर्व्हरला कुलूप द्या, किल्ली दाखवू नका.

फिनलंडमध्ये १९९५ साली टाटू युलोनेन यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असेच उघडे पासवर्ड टिपून घेतले. त्यातून त्यांनी एसएसएच बनवलं. फायली पाठवायची एसएफटीपी ही पद्धत त्याच एसएसएचवर चालते. नावात एफटीपी आहे म्हणून फसू नका, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि हे आपलं काम नाही असं कुणाला वाटत असेल, तर नवव्या शतकातल्या बगदादचे अल-किंदी आठवा. कोणतं अक्षर किती वेळा येतं हे मोजून गुप्त लिपी कशी फोडायची, हे त्यांनी लिहून ठेवलं. त्या शास्त्राच्या पायाभरणीत त्यांचं नाव घेतलं जातं.

आता करायचं काय?

पहिलं, प्रत्येकाचं वेगळं खातं. अकरा माणसं, अकरा खाती. प्रत्येकाला फक्त त्याच्या कामाचा फोल्डर दिसेल, बाकीचं घर दिसणार नाही, अशी सोय सर्व्हरवर करता येते.

दुसरं, प्रत्येकानं आपल्या संगणकावर आपली जोडी बनवायची. आज्ञेचं नाव एसएसएच-कीजेन. ती लिनक्समध्ये, मॅकमध्ये आणि आता विंडोजमध्येही असते. प्रकार विचारला तर 'एड२५५१९' निवडा. दोन फायली तयार होतात. जिच्या नावाच्या शेवटी 'पब' आहे ती सार्वजनिक. तीच मला पाठवायची. दुसरी कुणालाही नाही, मलाही नाही. मी मागितली तर समजा, माझा मोबाइल चोरीला गेलाय.

तिसरं, किल्ली बनवताना ती सांकेतिक वाक्य विचारते. ते रिकामं सोडू नका. लॅपटॉप चोरीला गेला, तर तेवढ्याच वाक्याची आड असते. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या, दोन घरातल्या बोलीतले टाका. आपली दखनी अजून फारशी कुठल्या शब्दकोशात नाही, त्याचा एवढा तरी फायदा घेऊ.

चौथं, पहिल्यांदा जोडताना सर्व्हर आपला ठसा दाखवतो आणि हाच का, असं विचारतो. आपण सवयीनं 'होय' दाबतो. दाबू नका. सातारा कार्यालयात फोन करा आणि अक्षरं जुळवून घ्या. नंतर कधी ठसा बदलल्याचा इशारा आला, तर काम थांबवा आणि आधी विचारा.

पाचवं, आणि हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. किल्ल्या चालू झाल्या की सर्व्हरवरची पासवर्डची वाट बंद करायची. नाही तर पुढच्या दाराला नवं कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. बंद केल्यावर किल्ली नसलेल्या संगणकावरून आत जाऊन बघा. जाता आलं नाही, तर काम झालं. मात्र हे बदल करताना आधीची जोडणी चालू ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून तपासा. मी ती बंद करून बसलो होतो, किल्ली आत आणि मी बाहेर. दुसऱ्या दिवशी कोयना एक्स्प्रेसनं साताऱ्याला यावं लागलं.

आता दुसरं कुलूप. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक तुमची, एक बँकेची. एकट्यानं उघडत नाही. ऑनलाइन कार्ड व्यवहाराला रिझर्व्ह बँकेनं २००९ साली दुसरा पुरावा सक्तीचा केला, तेव्हापासून ओटीपी हा शब्द आपल्या आजीलाही माहीत झाला. आपल्या सर्व्हरला आपण एसएमएसचा ओटीपी लावत नाही. सिमकार्डाची दुसरी प्रत काढून एसएमएस पळवता येतो. आपण मोबाइलमधलं अॅप वापरतो. सुरुवातीला एक चौकोनी क्यूआर कोड दाखवला जातो, त्यातून सर्व्हर आणि तुमचा मोबाइल यांच्यात एक गुपित ठरतं. मग दर तीस सेकंदांनी दोघंही ते गुपित आणि घड्याळातली वेळ मिळून सहा आकडी संख्या काढतात. दोन्ही संख्या जुळल्या की दुसरं कुलूप उघडतं. यासाठी मोबाइलला रेंज लागत नाही, घड्याळ मात्र बरोबर हवं.

त्या क्यूआर कोडचा फोटो काढून ठेवू नका. तो फोटो म्हणजे परत साबणावरचा ठसा. मोबाइल हरवला तर काय? त्यासाठी सुरुवातीलाच काही राखीव आकडे मिळतात, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर लिहा आणि कागद घरातल्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवा. पुरापेक्षा उंच.

सर्व्हरवर 'किल्ली किंवा आकडा' अशी नाही, तर 'किल्ली आणि आकडा' अशी अट घाला. आणि शक्यतो दोन्ही एकाच यंत्रावर ठेवू नका. किल्ली लॅपटॉपवर, आकडा मोबाइलवर. निकाहाला आपण दोन साक्षीदार घेतो. एकच माणूस दोनदा सही करून चालत नाही.

मागच्या वेळी सांगलीत मी हेच सांगत होतो, तेव्हा एका मुलीनं हात वर केला. म्हणाली, "भाईजान, तुम्ही म्हणता मोबाइल तुमचा. माझा मोबाइल माझा नाहीये. भाऊ बघतो, अम्मी बघते, पिन घरात सगळ्यांना माहीत आहे." मी गप्प झालो. पुस्तकात दुसरा पुरावा म्हणजे 'तुमच्याकडची वस्तू'. आपल्या किती मुलींकडे पूर्णपणे त्यांची अशी वस्तू असते?

त्यावर उपाय निघाला. पेनड्राइव्हसारखी दिसणारी सुरक्षा-किल्ली मिळते. संगणकाला लावायची आणि बोटानं स्पर्श करायचा, त्याशिवाय ती सही करत नाही. एसएसएचमध्ये २०२० पासून ती थेट चालते. स्वस्त नाही, काही हजार रुपये लागतात. आम्ही वर्गणी काढली आणि दोन घेतल्या, कारण एक हरवली तर दुसरी हवी. एक त्या मुलीच्या घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असते, दुसरी केंद्राच्या कपाटात. घरात कुणी विचारत नाही, किल्ल्यांत एक किल्ली जास्त.

आता या सगळ्याची मर्यादाही सांगतो, नाही तर मी किल्ल्या विकायला आलोय असं वाटेल. किल्ली दार राखते, माणूस राखत नाही. ज्याला आत यायचा हक्क आहे, त्यानं पडद्याचा फोटो काढून पाठवला, तर कुठलीही किल्ली आडवी येत नाही. गोड बोलून कुणी आकडा विचारला आणि तुम्ही सांगितलात, तर दुसरं कुलूप वाया. आणि सगळ्यात सुरक्षित कागद तो, जो आपण घेतलाच नाही. आता आम्ही अर्जावर राहण्याचा पत्ता लिहीत नाही. तो वेगळ्या वहीत असतो, वही कुलपात असते, आणि तिची किल्ली दोघींकडेच असते. हे संगणकाचं काम नव्हतं, पण संगणकावर चूक झाल्यावरच सुचलं.

फायदा मात्र खरा आहे. आता नोंदवहीत प्रत्येक प्रवेशापुढे खात्याचं आणि किल्लीचं नाव असतं. कुणी काम सोडलं तर सर्व्हरवरच्या यादीतून त्याची एक ओळ खोडायची. बाकीच्या दहा जणांना काही बदलावं लागत नाही, आणि जाणाऱ्याबद्दल कुणाच्या मनात किंतु राहत नाही. चांगुलपणानं निरोप देता येतो. २०२३ साली देशात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण कायदा नसता तरी हे आपल्याला करावंच लागलं असतं.

इथून उठल्यावर तिकडच्या टेबलावर तीन संगणक मांडलेत. प्रत्येकानं आपली जोडी बनवायची आणि मला फक्त 'पब' फाइल दाखवायची. ज्यांच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नाही त्यांनी लाजू नये, आपण त्यांच्यासाठी वाट काढू. आणि घरी गेल्यावर ग्रुपवर कुणाचा निकाहनामा, कुणाचा दाखला पडलेला असेल, तर तो आजच पुसा, मोबाइलमधूनही.

शेवटचं. इथं यायच्या आधी मी त्या मुलाला फोन केला. बऱ्याच वर्षांनी. माफी मागितली, परत ये म्हटलं. तो यायला तयार नाही. त्याचं काम आहे, संसार आहे. मी विचारलं, शिबिरात ही गोष्ट सांगू का? थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सांगा. नाव नका घेऊ, पण सांगा."

म्हणून सांगितली. चला, टेबलाकडे.